हप्ता भरण्याआधी

परळ, मुंबई
12 मे

चि. सौ. बाय हिस,

तुझ्या बाबूचे रिपोर्ट, मेंदूचे खेळ विकणाऱ्या कंपनीचं माहितीपत्रक आणि सहीसाठी आलेला कराराचा कागद, तू पाठवलेलं सगळं पोचलं आणि नीट वाचून काढलं. जनुकीय दोष घेऊन जन्मलेल्या चौदा वर्षांच्या मुलाची बुद्धी टॅबवरचे खेळ खेळून वाढते का, आणि वाढत असेल तर पन्नास हजारांच्या घरातलं वर्षाचं पॅकेज हप्त्यांनी घ्यावं का, असं तू विचारलंस. उत्तर आधी देते, कारणं मागून. खेळांचा सराव बाबूकडून जरूर करून घे. करारावर सही करू नकोस.

जन्मभर अशाच मुलांना शिकवलं, म्हणून हे अधिकाराने लिहिते आहे. तू मात्र मावशी सांगते म्हणून मान्य करू नकोस, कारणं वाचून ठरव.

बाबूच्या रिपोर्टवर 22क्यू11.2 डिलीशन असं लिहिलं आहे. बाविसाव्या गुणसूत्राच्या लांब बाहूवरचा एक बारीक तुकडा त्याच्याकडे जन्मापासून नाही. बहुतेक मुलांत तो तुकडा सुमारे 30 लाख अक्षरांचा असतो आणि त्यात चाळीसेक जनुकं असतात. साधारण दोन ते चार हजार जन्मांमागे एका बाळात हे आढळतं. म्हणजे आपल्या जिल्ह्यात बाबू एकटा असण्याची शक्यता कमी. पण बाकीच्यांना आपल्याला काय आहे याचा पत्ता नसेल, कारण हा दोष एका जागी दिसत नाही. कुणाच्या हृदयात छिद्र, कुणाच्या टाळूत दोष, कुणाचं बोलणं नाकातून, कुणाचं कॅल्शियम कमी, कुणाचे कान सारखे फुटतात, आणि प्रत्येक तक्रारीचा डॉक्टर निराळा. 1965 मध्ये फिलाडेल्फियाच्या अँजेलो डीजॉर्ज यांनी गळ्याजवळच्या ग्रंथी नसलेल्या मुलांबद्दल लिहिलं, 1978 मध्ये रॉबर्ट श्प्रिंट्झेन यांनी टाळू आणि हृदय दोन्हींत दोष असलेल्या मुलांबद्दल. दोन आजारांना दोन नावं पडली. दोन्हींच्या मुळाशी हाच हरवलेला तुकडा आहे हे कळायला 1990 चं दशक उजाडलं. बाबूचंही हृदय एकीकडे दुरुस्त झालं, टाळू दुसरीकडे, आणि गणितात मागे पडला तेव्हा तिसऱ्याच माणसाने त्याला आळशी ठरवलं.

विहीणबाईंना माझा नमस्कार सांग आणि हेही सांग की, ग्रहणात तू विळी हातात धरलीस म्हणून हे झालेलं नाही. दहापैकी नऊ मुलांत हा तुकडा आईबापांपैकी कुणाकडूनही कमी आलेला नसतो. बीज तयार होतानाच तो गळतो. दहाव्या मुलात हा दोष आईकडून किंवा बापाकडून आलेला असतो आणि त्या आईला किंवा बापाला स्वतःला अनेकदा त्याचा पत्ताही नसतो. म्हणून तुम्हा दोघांची रक्ततपासणी एकदा करून घ्या. दोष कुणाचा हे ठरवायला नव्हे, पुढच्या अपत्याचा विचार करताना माहिती हाताशी असावी म्हणून. बाबूच्या मुलांत हा दोष उतरण्याची शक्यता निम्मी असेल, हेही त्याला योग्य वयात कुणीतरी समजावून सांगायला हवं.

आता बुद्धीकडे वळू. या मुलांचं वाचन बहुधा गणितापेक्षा बरं असतं आणि बोलणं नकाशा किंवा आकृती समजण्यापेक्षा बरं असतं. म्हणून बाबू पेपरातली बातमी घडाघडा वाचतो, आणि पाचशेतून तीनशे चाळीस गेले तर किती, या प्रश्नावर अडतो. 'माका जमाचा नाय' म्हणतो तेव्हा तो टाळाटाळ करत नसतो. पाचशे आणि तीनशे चाळीस हे दोन्ही आकडे क्षणभर मनात धरून त्यांच्यावर काम करायचं असतं, आणि त्याचं नेमकं ते धरणं कमजोर आहे. एका गोष्टीवरून दुसरीवर लक्ष वळवणं, पुढची पायरी आधी योजणं, ही कामंही त्याला जड जातात. ही कामं मुख्यतः कपाळामागच्या मेंदूची. त्या भागातलं डोपामिन हे रसायन साफ करणारं कॉम्ट नावाचं जनुक याच हरवलेल्या तुकड्यात असतं. अडचणीच्या अनेक कारणांपैकी ते एक. किशोरवयात ही उणीव अधिक जाणवते. मूल शिकलेलं विसरत नाही, पण वर्गातली बाकीची मुलं भराभर पुढे जातात आणि अंतर वाढतं. त्यातून आपला कोकण विभाग दहावीच्या निकालात राज्यात पुढे. नव्वद टक्केवाल्यांच्या गावात नापास होणं फार बोचतं. त्या बोचण्यावरच असली पॅकेजं खपतात.

माहितीपत्रकातले खेळ मी ओळखले. पडद्यावर चौकटी एकामागून एक उजळतात, त्याच क्रमाने आणि मग उलट्या क्रमाने दाबायच्या. जमलं की एक चौकट वाढते, चुकलं की कमी होते. ही पद्धत रूढ केली स्टॉकहोमच्या टोर्केल क्लिंगबर्ग यांनी. चंचल मुलांसाठी त्यांनी रोज अर्धा-पाऊण तास, पाच आठवडे असा कार्यक्रम बसवला. पद्धतीत खोट नाही. मुलाच्या ऐपतीच्या किंचित वर काम देत राहायचं, हे चांगल्या शिक्षकाचंच तंत्र आहे, आणि यंत्र ते न कंटाळता, न ओरडता करतं. चुकल्यावर चारचौघांत हसं होत नाही. बाबूसारख्या लाजऱ्या मुलाला हा मोठाच दिलासा.

बाबूच्याच दोषाच्या मुलांवरही हे करून पाहिलेलं आहे. 2015 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी 21 किशोरवयीन मुलांचा एक प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध केला. मुलं आपापल्या घरी संगणकावर सराव करत होती आणि व्हिडिओवर एक मार्गदर्शक त्यांच्याशी बोलत होता. मनात धरून ठेवण्याची ताकद आणि लक्ष वळवण्याची चपळाई, या दोन्हींत मोजण्याइतकी सुधारणा दिसली. माहितीपत्रकात 'परदेशात सिद्ध' म्हणतात ते बहुधा अशाच अभ्यासांच्या जोरावर. पण त्यात न छापलेल्या दोन गोष्टी आहेत. एकवीस मुलं म्हणजे फार थोडी. आणि तिथे यंत्राबरोबर माणूस होता, जो मुलाला ओळखत होता, धीर देत होता, युक्ती शिकवत होता. तुझ्या करारात माणूस कुठेच नाही. टॅब आहे, पासवर्ड आहे आणि महिन्याचा रिपोर्ट आहे.

डाउन सिंड्रोमच्या मुलांवर ब्रिटनमध्ये 2013 साली असाच प्रयोग झाला. चित्र आणि जागा लक्षात ठेवण्यात मुलं सुधारली आणि ती सुधारणा काही महिने टिकलीही, पण शब्द लक्षात ठेवण्यात तसा फरक पडला नाही. त्याच वर्षी मोनिका मेल्बी-लेर्वोग आणि चार्ल्स ह्यूम यांनी अशा 23 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यांचा निष्कर्ष असा की, मुलं सराव केलेल्या खेळात आणि त्याच्या जवळच्या खेळात सुधारतात, पण वाचन, गणित किंवा एकंदर बुद्धी यांत ती सुधारणा उतरत नाही. विहिरीत पोहायला शिकलेला मुलगा मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर थेट लाटेत उतरला तर गटांगळ्या खाईलच. पाण्याची भीती गेलेली असेल, हात मारता येत असतील, पण लाट समुद्रातच शिकावी लागते. टॅबवरची चौकट ही विहीर समज. बाबूला बाजारात, शाळेत आणि एसटीत पोहायचं आहे.

ही शंका मी एकटी काढत नाही. लुमॉसिटी नावाचे मेंदूचे खेळ विकणाऱ्या अमेरिकी कंपनीने शाळेत, नोकरीत आणि म्हातारपणीही फायदा होईल अशा जाहिराती केल्या होत्या. त्या दाव्यांना पुरेसा आधार नाही म्हणून जानेवारी 2016 मध्ये तिथल्या सरकारी आयोगाच्या कारवाईत तिला 20 लाख डॉलर भरावे लागले. आपल्याकडे तुझ्या दारात येणाऱ्या प्रतिनिधीला असं कुणी विचारत नाही, म्हणून तूच विचार. हे खेळ कोणत्या दोषाच्या, कोणत्या वयाच्या मुलांवर तपासले? खेळातले गुण सोडून दुसरं काय मोजलं? सराव थांबल्यावर सहा महिन्यांनी काय उरलं? मधेच सोडलं तर उरलेले हप्ते माफ होतात का? माहिती मराठीत आहे का, आणि नेट नसताना खेळ चालतो का? तौक्ते वादळाच्या वेळी मालवणात किती दिवस वीज नव्हती ते तुला मी सांगायला नको. यांतल्या पहिल्या तीन प्रश्नांना सरळ उत्तर मिळालं नाही, तर चहा पाजून वाटेला लाव.

मग करायचं काय? पद्धतच सांगते.

1 जूनला मासेमारीची बंदी लागेल आणि होडी वर ओढली जाईल. पुढचे दोन महिने जावईबापू घरी असतील. सराव तेव्हाच सुरू करा, आणि शेजारी त्यांनीच बसावं. तू दिवसभर होमस्टेच्या पाहुण्यांत असतेस, आणि चौदा वर्षांच्या मुलाला या वयात बाप जवळ हवा असतो. चौकटी लक्षात ठेवण्याचे, क्रम लावण्याचे साधे खेळ फुकटात किंवा थोडक्या पैशांत मिळतात. आठवड्याचे चार दिवस, सकाळी, अर्धा तास. ही मुलं लवकर थकतात. डोळे चोळायला लागला की बंद. रात्री झोपण्याआधी पडदा नको. सुरू करण्यापूर्वी डोळे आणि कान तपासून घ्या. ज्याला नीट ऐकू येत नाही त्याच्या स्मरणशक्तीला दोष देण्यात अर्थ नाही.

शेजारी बसणाऱ्याचं काम उत्तर सांगणं नव्हे. "कसं लक्षात ठेवलंस रे?" एवढं विचारायचं. तोंडाने म्हणत राहणं, दोन-दोनच्या जोड्या करणं, बोटांवर धरणं, या युक्त्या मुलाला स्वतःच्या तोंडून सांगता आल्या की त्या त्याच्या होतात, आणि टॅब बंद झाल्यावरही बरोबर राहतात.

टॅबनंतर लगेच दहा मिनिटं तेच काम खऱ्या जगात. खेळात चार चौकटी धरता आल्या, तर एखाद्या टेबलावर किती घावणे, किती आंबोळ्या, किती चहा हे ऐकून त्याने स्वयंपाकघरात येऊन सांगावं. कागद नाही. दोन वस्तू जमल्या की तीन, तीन जमल्या की चार. पावसात पाहुणे नसतील तर घरातल्यांची मागणी चालेल. हिशेबाला खऱ्या नोटा घ्या, वहीतली गणितं नकोत. पुढे बंदी उठली की त्याला बापाबरोबर बंदरावर लिलावाला पाठव. बोली मनात धरणं आणि शेवटचा आकडा येऊन सांगणं ही त्याची शाळा.

आणि एक वही घाल. पहिल्या दिवशी तीन गोष्टी बघून लिही: चिठ्ठी न देता दुकानातून किती वस्तू बरोबर आणल्या, पाचशेची मोड बरोबर दिली का, सकाळची तयारी किती वेळा आठवण करून दिल्यावर झाली. दर पंधरवड्याला पुन्हा लिही. ऑगस्टअखेर वहीत फरक दिसला तर चालू ठेवा. खेळातले गुण वाढले आणि वही तिथेच राहिली, तर टॅब ठेवून द्या आणि तो वेळ थेट बाजारात घाला. कंपनीच्या रंगीत रिपोर्टपेक्षा ही वही जास्त खरं बोलेल.

'येलो' हा 2014 चा मराठी चित्रपट तू पाहिला असशील. पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिच्या आयुष्यावर तो बेतलेला आहे आणि त्यात तिने स्वतः कामही केलं आहे. तिचा दोष डाउन सिंड्रोम, बाबूचा वेगळा. तुलना करू नकोस. एवढंच पाहा की तिचा सराव खऱ्या पाण्यात होता, आई आणि प्रशिक्षक सोबत होते, आणि त्यामागे वर्षांची मेहनत होती.

खेळांच्या नादात दोन गोष्टी मागे पडू देऊ नकोस. पहिली, रक्तातलं कॅल्शियम. ते या वयात, तापात किंवा ऑपरेशनच्या ताणातही अचानक घसरू शकतं आणि फिट येऊ शकते. ओठांना, बोटांना मुंग्या आल्या तर वाट बघू नका. वर्षातून एकदा कॅल्शियम आणि थायरॉइड तपासा. दुसरी गोष्ट मन. हे वाचून घाबरू नकोस, पण माहीत असू दे: या दोषाच्या साधारण चारातल्या एका माणसाला मोठेपणी गंभीर मानसिक आजार होतो, आणि त्याची चाहूल बहुधा किशोरवयाच्या शेवटी लागते. बाबू एकाएकी गप्प झाला, झोप उडाली, कुणी आपल्याबद्दल बोलतं असं म्हणू लागला, शाळेला जायला नको म्हणू लागला, तर ते नाटक समजू नका. देवाला गाऱ्हाणं घालायला माझी हरकत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांनाही दाखवा. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. वर्गातली मुलं त्याच्या बोलण्याची नक्कल करतात असं तू लिहिलंस. ते थांबवणं कोणत्याही अ‍ॅपपेक्षा तातडीचं आहे. सुट्टी संपून शाळा उघडली की लगेच जा आणि मुख्याध्यापकांशी बोल.

वाचलेल्या पैशांचं काय करायचं तेही सांगते. बाबूची संपूर्ण मानसशास्त्रीय चाचणी करून घे, म्हणजे त्याचं बळ कुठे आणि उणीव कुठे हे कागदावर येईल. गोवा तुला मुंबईपेक्षा जवळ. तिथे 'सेतू' ही मुलांच्या विकासाचं काम करणारी संस्था आहे. मुंबईत 2001 पासून 'उमीद' आहे. मुंबईला आलीस तर राहायला माझं घर आहेच. उरलेल्या पैशांत वाचा-उपचार चालू ठेव. त्याचं बोलणं स्पष्ट झालं तर निम्मी लाज आपोआप जाईल.

कागदपत्रांचा कंटाळा करू नकोस. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत आणि त्यात बौद्धिक दिव्यांगत्व आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत. चाचणीनंतर ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात प्रमाणपत्रासाठी अर्ज कर. 40 टक्के किंवा अधिक ठरलं तर अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो, आणि दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात. प्रमाणपत्र काढलं की मुलाला शिक्का बसतो, असं जावईबापू म्हणतात. शिक्का वर्गाने कधीच मारला आहे. प्रमाणपत्राने निदान परीक्षेचा जादा वेळ मिळेल. अंगणवाडीत त्याच्या छातीतला आवाज ज्या पथकाने ऐकला, ते पथक ज्या कार्यक्रमाचं, तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 ला आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला होता. अठराव्या वर्षापर्यंतची मुलं त्या कार्यक्रमात बसतात. बाबूची अजून चार वर्षं आहेत, ती वापरून घे.

शेवटचं सांगते ते घरातल्या सगळ्यांना वाचून दाखव. बाबूसमोर 'तेका काय समाजता' हे वाक्य आजपासून कुणी बोलायचं नाही. त्याला बरंच समजतं. फक्त वेळ लागतो आणि एका वेळी एकच गोष्ट लागते. त्याच्या वाटची कामं त्याला करू द्या. मोड चुकली तर चुकू दे, दहा-वीस रुपये जातील. सगळी कामं तुम्हीच केलीत, तर जगातला कोणताही सराव त्याच्या कामी येणार नाही.

करार तसाच परत पाठव आणि वही आजच आण.

तुझी,
मावशी